पॅरिशच्या वहीतून एका घराण्याचा माग

इंग्लंडमधल्या कोणत्याही जुन्या घराण्याचे वंशज शोधायचे म्हटले की काम फिरून फिरून एका वहीपाशी येते. ही वही पॅरिशची. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतले गाव, शहरात असेल तर एखादी पेठ. अशा दहा हजारांवर पॅरिश इंग्लंडभर होत्या आणि प्रत्येकीची वही वेगळी. ५ सप्टेंबर १५३८ रोजी आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने हुकूम काढला की, प्रत्येक धर्मगुरूने आपल्या पॅरिशमधले बाप्तिस्मे, विवाह आणि दफने लिहून ठेवावीत. रविवारची प्रार्थना संपली की चर्चवॉर्डनच्या, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या गृहस्थाच्या, समक्ष मागच्या आठवड्याच्या नोंदी करायच्या आणि वही दोन कुलपांच्या पेटीत ठेवायची. हयगय झाली तर तीन शिलिंग चार पेन्स दंड, आणि तो त्याच चर्चच्या डागडुजीला. लोकांना वाटले, हा नवा कर बसवण्याचा डाव आहे. ती शंका खरी ठरायला दीडशे वर्षे लागली: १६९५ पासून काही वर्षे जन्म, विवाह आणि दफन यांवर इंग्लंडमध्ये खरोखरच कर होता.

सुरुवातीच्या वह्या बहुतेक कागदी होत्या आणि त्यांतल्या फार थोड्या उरल्या. १५९८ मध्ये पहिल्या एलिझाबेथच्या संमतीने ठरले की नोंदी चर्मपत्रावर कराव्यात आणि जुन्या वह्यांची नक्कल करून घ्यावी. सगळ्या नाही तरी निदान राणी गादीवर आली त्या १५५८ सालापासूनच्या नोंदी उतरवाव्यात. नक्कल करणाऱ्यांनी ही सवलत आनंदाने घेतली. इंग्लंडमधल्या असंख्य वह्या १५५८ पासूनच का सुरू होतात आणि आधीची वीस वर्षे कुठे गेली, याचे उत्तर एवढेच आहे. त्याच आदेशामुळे दर वर्षीच्या नोंदींची एक प्रत बिशपकडे जाऊ लागली. मूळ वही ओलीने, उंदरांनी किंवा कुणाच्या बेपर्वाईने गेली असली तरी बिशपकडची प्रत कित्येकदा हाती लागते. दोन्ही मिळाल्या आणि त्यांत फरक निघाला, तर शोध घेणाऱ्याची खरी परीक्षा तिथे सुरू होते, कारण मूळ वही म्हणून जी समोर असते तीदेखील पुष्कळदा नक्कलच असते.

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत घराण्याचे पान उघडले की पिढ्या ओळीने भेटतात. पॅरिशच्या वहीत कोणत्याच घराण्याचे पान नसते. तिच्यात फक्त तारखांचा क्रम असतो आणि गावातली सगळी घरे एकमेकांत मिसळलेली असतात. जमीनदाराच्या मुलाच्या बाप्तिस्म्याखाली त्याच्याच नोकराच्या मुलीचा बाप्तिस्मा येतो. एक कुटुंब जुळवायचे तर तिन्ही प्रकारच्या नोंदी पानामागून पान वाचाव्या लागतात, आणि त्या आडनावाची प्रत्येक ओळ टिपून ठेवावी लागते, आपल्या उपयोगाची वाटो वा न वाटो. हे काम कंटाळवाणे आहे. ते टाळून केलेली वंशावळ मात्र सहसा टिकत नाही.

या कामातले जवळजवळ सगळे पेच एकाच घराण्यात पाहायला मिळतात: वॉरिकशायरमधल्या स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हनचे शेक्सपिअर. हातमोजे बनवणाऱ्या एका कारागिराचे हे कुटुंब. नाटककार मुलामुळे त्याच्या मागे गेली तीनशे वर्षे इतके अभ्यासक लागले की, गावच्या वहीतली त्यांच्याविषयीची एकेक ओळ पारखून झाली आहे. म्हणूनच नवख्याने शिकायला हे घराणे फार सोयीचे.

स्ट्रॅटफर्डच्या होली ट्रिनिटी चर्चची वही १५५८ पासूनची आहे. तिचा पहिला भाग १६०० च्या सुमारास चर्मपत्रावर उतरवलेला, आणि पानापानावर तेव्हाचे व्हिकर, म्हणजे पॅरिशचे धर्मगुरू, रिचर्ड बायफील्ड यांची सही. या वहीत नाटककाराच्या आईवडिलांचा, मेरी आर्डेन आणि जॉन शेक्सपिअर यांचा विवाह सापडत नाही. त्यांच्या पहिल्या मुलीचा बाप्तिस्मा सप्टेंबर १५५८ मधला, म्हणजे लग्न त्याआधीचे. आणि मेरीच्या माहेरच्या पॅरिशची उरलेली वही त्याहून नंतरची. घराण्याचा आरंभ असा नोंदीच्या बाहेरच राहतो, आणि पुष्कळ इंग्रजी घराण्यांची हीच गत आहे.

मुलाची नोंद मात्र आहे. २६ एप्रिल १५६४ या तारखेपुढे लॅटिनमध्ये एवढेच लिहिले आहे की जॉन शेक्सपिअरचा मुलगा विल्यम. लॅटिनही पुरते शुद्ध नाही. बापाचे नाव षष्ठीत हवे होते ते प्रथमेत राहिले. ही तारीख जन्माची नव्हे, बाप्तिस्म्याची. जगभर पाळला जाणारा २३ एप्रिल हा वाढदिवस हे एक अनुमान आहे. तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा काही दिवसांत उरकत, या रिवाजावर ते उभे आहे, आणि कवीच्या मृत्यूची तारीखही २३ एप्रिलच असल्याने ते लोकांना गोड वाटले. एरवी या रिवाजावर फार विसंबता येत नाही. पुढच्या शतकांत तीन-चार भावंडांचे बाप्तिस्मे एकाच दिवशी केलेले आढळतात, कधी मोठ्या माणसाचाही. बाप्तिस्म्याच्या तारखेवरून वय काढणाऱ्याने एवढेच म्हणावे की त्या दिवशी हे मूल जन्मलेले होते.

लॅटिन नोंदींत विल्यमचा गुलिएल्मस होतो आणि जेम्सचा याकोबस. आडनाव तर कारकुनाच्या कानावर सोडलेले. शेक्सपिअर या एकाच आडनावाची रूपे त्या काळच्या कागदांत डझनांनी सापडतात, आणि ती वेगवेगळ्या घराण्यांची आहेत असे मानणारा पहिल्याच पानावर फसतो. उलटही खरे: एकच आडनाव, एकच रूप, म्हणून घराणे एकच, असेही नसते.

पूर्वज शोधणे आणि वंशज शोधणे ही दोन कामे सारखी वाटतात, पण दुसरे कितीतरी अवघड. मागे जाताना प्रत्येक माणसाला दोनच आईबाप असतात. ते सापडले की ती पायरी संपली. पुढे येताना मुले किती होती हे आधी माहीत नसते. प्रत्येक मुलाच्या बाबतीत तीन प्रश्न: जगले का, लग्न झाले का, आणि मुलगी असेल तर कोणत्या आडनावाखाली नाहीशी झाली. एखादी पाती खुंटली असे म्हणायचे तर त्या पातीतल्या प्रत्येकाचे दफन दाखवावे लागते. ‘नोंद सापडली नाही’ आणि ‘वंश संपला’ यांत फार अंतर आहे, आणि या धंद्यातले निम्मे वाद त्या अंतरातून उद्भवतात.

शेक्सपिअरचा थेट वंश संपला हे असे, एकेक दफन दाखवून सिद्ध झालेले आहे. विल्यमची थोरली मुलगी सुझाना हिचा बाप्तिस्मा २६ मे १५८३ चा, हॅम्नेट आणि ज्युडिथ या जुळ्यांचा २ फेब्रुवारी १५८५ चा. हॅम्नेट अकरा वर्षांचा होऊन गेला. ११ ऑगस्ट १५९६ ला त्याचे दफन. ज्युडिथने १६१६ मध्ये थॉमस क्विनीशी लग्न केले आणि तिला तीन मुलगे झाले. थोरल्याचे नावच शेक्सपिअर क्विनी. तो वर्षाच्या आत गेला. रिचर्ड आणि थॉमस हाताशी आले होते, पण १६३९ च्या जानेवारी-फेब्रुवारीत थोड्याच दिवसांच्या अंतराने दोघेही गेले. सुझानाने ५ जून १६०७ रोजी जॉन हॉल या वैद्याशी लग्न केले. तिची एकुलती मुलगी एलिझाबेथ दोनदा विवाहबद्ध झाली, आधी थॉमस नॅशशी, मग जॉन बर्नार्डशी; दोन्ही लग्नांतून मूल नाही. नॉर्दॅम्प्टनजवळच्या ॲबिंग्टनला १७ फेब्रुवारी १६७० रोजी तिचे दफन झाले आणि तिथे ही पाती संपली.

एलिझाबेथ हॉलच्या बाप्तिस्म्याची नोंद नवख्याला चकवते. वहीत ती २१ फेब्रुवारी १६०७ अशी आहे, आणि आईबापांचे लग्न आहे जून १६०७ चे. मुलगी लग्नाआधीची ठरवून मोकळे व्हायला इतके पुरेसे होते. पण इंग्लंडमध्ये १७५१ पर्यंत वर्ष २५ मार्चला बदलत असे. जूनमागून आलेला फेब्रुवारी त्याच सालातला. आजच्या हिशेबाने हा बाप्तिस्मा फेब्रुवारी १६०८ चा, लग्नानंतर आठ महिन्यांनी. जानेवारी ते मार्चमधल्या जुन्या तारखेपुढे जाणकार म्हणूनच दोन्ही साले लिहितात, १६०७/०८ अशी. सुझानाच्या स्वतःच्या जन्माला मात्र ही सबब चालत नाही. तिच्या आईबापांच्या विवाहाची परवानगी नोव्हेंबर १५८२ मधली आणि तिचा बाप्तिस्मा पुढच्या मे महिन्यातला. तिथे कालगणना दोषी नाही. त्या काळच्या इंग्लंडमध्ये अशी लग्ने काही विरळा नव्हती.

त्या विवाहाची नोंद कोणत्याही पॅरिशच्या उरलेल्या वहीत सापडलेली नाही. आहेत ते वूस्टरच्या बिशपच्या दप्तरातले दोन कागद, आणि तेही एकमेकांशी पटत नाहीत. २७ नोव्हेंबर १५८२ च्या नोंदीत वधू टेंपल ग्राफ्टनची ॲन व्हेटली आहे. दुसऱ्या दिवशीच्या जामीनपत्रात ती स्ट्रॅटफर्डची ॲन हॅथवे आहे. या एका ओळीतून काहींनी एक विसरलेली प्रेयसी उभी केली. त्याच दप्तरात त्याच सुमारास व्हेटली आडनावाच्या दुसऱ्या माणसाचे प्रकरण चालू होते आणि कारकुनाच्या हातून नाव घसरले, हे स्पष्टीकरण रूक्ष आहे, पण पटणारे आहे. कारकुनाची चूक आणि प्रेमकथा यांत निवड करायची वेळ आली तर वंशावळ लिहिणाऱ्याने कारकुनाकडे झुकावे.

नामसाधर्म्याचा पेच याहून गंभीर. निकोलस रो याने १७०९ मध्ये शेक्सपिअरचे पहिले सविस्तर चरित्र लिहिले. त्यासाठी स्ट्रॅटफर्डची माहिती थॉमस बेटरटन या नटाने गोळा केली होती. त्यात जॉन शेक्सपिअरला दहा मुले होती असे आले. वहीत ती दिसतातही, कारण जॉन शेक्सपिअरची मुले म्हणून अर्सुला, हम्फ्री आणि फिलिप यांचे बाप्तिस्मे तिथे आहेत, १५८९ ते १५९१ मधले. पण त्याच गावात त्याच नावाचा एक चांभार राहत होता, वॉरिकहून आलेला, आणि ही तिन्ही मुले त्याची. अठराव्या शतकाच्या अखेरीस शेक्सपिअरचा अभ्यासक एडमंड मलोन याने स्ट्रॅटफर्डचे व्हिकर जेम्स डेव्हनपोर्ट यांच्याशी पत्रव्यवहार करत हा गुंता सोडवला. दोघांना वेगळे करणारा दुवा इवलासा आहे. कवीचा बाप १५६८ मध्ये गावचा बेलिफ झाला, म्हणजे नगरप्रमुख. त्यानंतर वहीत त्याच्या नावामागे मानाची उपाधी लागू लागली. चांभाराच्या नावामागे ती नाही. दोन अक्षरांच्या संक्षेपावरून तीन मुले एका घरातून काढून दुसऱ्या घरात घालावी लागली.

कवीच्या घरातच जोन नावाच्या दोन मुली सापडतात, एकीचा बाप्तिस्मा १५५८ चा, दुसरीचा १५६९ चा. पहिलीच्या दफनाची नोंद नाही. तरीही ती लहानपणीच गेली असे सगळे अभ्यासक धरून चालतात, कारण गेलेल्या मुलाचे नाव पुढच्याला देण्याची पद्धत सर्रास होती. याउलट, एकाच घरात एकाच नावाची दोन जिवंत मुले अगदी असंभव नव्हती. तेव्हा हे अनुमान भक्कम आहे, पुरावा नाही, आणि ते तसेच लिहून ठेवणे प्रामाणिकपणाचे.

दफनाच्या नोंदी सर्वांत कंजूष. धाकटा भाऊ एडमंड लंडनला नट झाला आणि १६०७ च्या अखेरीस साउथवर्कमध्ये त्याचे दफन झाले. त्याच साली ऑगस्टमध्ये क्रिपलगेटच्या पॅरिशमध्ये एका अनौरस तान्ह्या मुलाचे दफन आहे. तिथे बापाचे आडनाव शेक्सपिअर, धंदा नट, पण नाव एडमंड नसून एडवर्ड. हे मूल एडमंडचेच, असे जवळजवळ सगळे मानतात. दुसरा भाऊ गिल्बर्ट पंचेचाळिशीत वारला. १६१२ च्या दफनात त्याला लॅटिनमध्ये ‘तरुण’ म्हटले आहे. दफन झालेला तो नसून त्याचा मुलगा असावा असा तर्क काहींनी केला. अविवाहिताला तो शब्द लावला असावा, असे इतरांचे मत. वंशावळीत एक माणूस वाढवायचा की नाही, हे एका शब्दावर आले.

मार्च १६१६ मध्ये स्ट्रॅटफर्डला मार्गारेट व्हीलर नावाच्या बाईचे आणि तिच्या मुलाचे दफन एकत्र झाले. वहीत एवढेच आहे. या ओळीचा शेक्सपिअर घराण्याशी काही संबंध असेल, असे वही कितीही वाचली तरी कळले नसते. विसाव्या शतकात केंटमधल्या दप्तरखान्यात स्ट्रॅटफर्डच्या चर्च-न्यायालयाचे कागद सापडले, आणि त्यांत थॉमस क्विनीने त्या बाईशी संबंध असल्याची कबुली दिलेली निघाली. ज्युडिथशी त्याचे लग्न होऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. पॅरिशची वही खोटे बोलत नाही, पण विचारल्याखेरीज बोलत नाही. आणि विचारायचे काय, हे बहुधा दुसऱ्या कुठल्या कागदावरून कळते.

थेट वंश संपला तरी रक्ताचा वंश चालू राहिला, तो बहिणीकडून. दुसऱ्या जोनने विल्यम हार्ट नावाच्या टोपीवाल्याशी लग्न केले. त्या लग्नाची नोंदही स्ट्रॅटफर्डला नाही. मुलांचे बाप्तिस्मे आहेत. हार्टचे दफन १७ एप्रिल १६१६ ला, मेहुण्याचे त्याच महिन्यात २५ तारखेला. त्याआधी महिनाभर, २५ मार्चला, शेक्सपिअरने मृत्युपत्र केले होते. त्यात जोनला वीस पौंड आणि हेन्ली स्ट्रीटवरच्या घरात वर्षाला बारा पेन्स नाममात्र भाड्याने हयातभर राहण्याचा हक्क दिला, तिच्या तिन्ही मुलांना पाच-पाच पौंड. मुलांची नावे लिहिताना विल्यम आणि मायकेल ही दोन लिहिली आणि मधल्याच्या नावाची जागा कोरी राहिली. मामाला आठवले नाही की लिहिणाऱ्याने विचारले नाही, कोण जाणे. ती कोरी जागा वहीने भरून दिली: थॉमस, बाप्तिस्मा २४ जुलै १६०५. विल्यमला मुले झाल्याचा भरवशाचा पुरावा नाही, मायकेल दहाव्या वर्षी गेला, आणि हार्ट घराणे पुढे चालले ते ज्याचे नाव मृत्युपत्रात नाही त्या थॉमसपासून.

थॉमसला दोन मुलगे, थॉमस आणि जॉर्ज. बाप्तिस्मे १६३४ आणि १६३६ चे. ही साखळी पक्की कशी झाली? एलिझाबेथ बर्नार्डने १६७० मध्ये मृत्युपत्रात हेन्ली स्ट्रीटची घरे आपला नातलग थॉमस हार्ट याला दिली, तो स्ट्रॅटफर्डच्या थॉमस हार्टचा मुलगा असल्याचे सांगितले, आणि त्याच्यामागे घरे भाऊ जॉर्जला जावीत अशी तजवीज केली. १६१६ चे मृत्युपत्र एका टोकाला, १६७० चे दुसऱ्या टोकाला, आणि मधल्या पिढ्या वहीत. या व्यवसायात पुरावा म्हणतात तो असा. मालमत्ता नसलेल्या घराण्यांना मृत्युपत्रे नसतात, आणि म्हणून त्यांचे वंशज शोधणे इतके अवघड जाते. हार्ट तसे गरीबच होते. पण एक घर वाट्याला आल्यामुळे त्यांचा माग राहिला. जॉर्जच्या एका मुलाचे नाव शेक्सपिअर हार्ट ठेवले होते. आजीच्या किंवा पणजीच्या माहेरचे आडनाव मुलाचे नाव म्हणून येणे, ही खूण इंग्रजी घराण्यांत फार उपयोगी पडते. हार्टांनी ते घर १८०६ मध्ये विकले. १८४७ मध्ये लिलावात ते जनतेच्या वर्गणीतून तीन हजार पौंडांना घेतले गेले, आणि आज तिथे प्रवाशांची रांग लागते.

मराठी कुळवृत्तांतांत मुलगी सासरच्या नावाने एका ओळीत येते आणि तिची पाती तिथेच थांबते. त्या शिस्तीने लिहिले असते तर शेक्सपिअरांचा वृत्तांत १६७० लाच बंद झाला असता, आणि भाच्याच्या वंशाला त्यात जागा मिळाली नसती.

प्रसिद्ध घराण्याचे दावेदारही पुष्कळ. इंग्लंडमध्ये यादवी युद्धाच्या काळात बंद पडलेली नाट्यगृहे पुन्हा उघडल्यावर गाजलेला नट चार्ल्स हार्ट हा जोनचा नातू असे बरेच दिवस छापले जात होते. आडनाव आणि व्यवसाय यांपलीकडे त्याला आधार नाही. ट्यूक्सबरीला १८०० मध्ये वारलेल्या जॉन हार्टच्या थडग्यावर तो कवीपासूनचा सहावा वंशज असे कोरलेले आहे. तो खरोखर हार्ट घराण्यातला होता. मात्र कवीचा नव्हे, कवीच्या बहिणीचा वंशज. दगडावर कोरले म्हणजे खरे, असा लोकांचा समज असतो. थडग्यावरचा मजकूर घरचे लोक सांगतात आणि तो तपासायला कोणी चर्चवॉर्डन उभा नसतो.

घरच्या माणसांच्या तोंडची माहितीही वेळेवर घ्यावी लागते. स्ट्रॅटफर्डला आलेले व्हिकर जॉन वॉर्ड यांनी आपल्या टिपणवहीत लिहून ठेवले होते की, मिसेस क्विनींना भेटायचे आहे. कवीची ती मुलगी ज्युडिथ. बापाला पाहिलेल्यांपैकी उरलेली. १६६२ च्या फेब्रुवारीत तिचे दफन झाले. भेट झाल्याचा काही पुरावा नाही. ‘म्हातारीला विचारायचे राहून गेले’ ही हळहळ सगळ्याच घराण्यांत ऐकू येते.

सतराव्या शतकाच्या मध्यावर, यादवी युद्धाच्या काळात, बऱ्याच वह्यांत खंड पडतो. १६५३ नंतर काही वर्षे लग्ने न्यायदंडाधिकाऱ्यासमोर लागत आणि बाप्तिस्म्याऐवजी जन्म नोंदवण्याचा नियम होता. त्यापुढच्या नोंदी टप्प्याटप्प्याने बोलक्या होत गेल्या. लॉर्ड हार्डविक यांच्या कायद्याने २५ मार्च १७५४ पासून विवाहाच्या नोंदीवर वधूवरांची आणि साक्षीदारांची सही किंवा निशाणी आली, आणि चोरून लागणारी लग्ने जवळजवळ बंद झाली. साक्षीदारांची नावे वाचायचा कंटाळा करू नये. नवरीचा भाऊ तिथे पुष्कळदा भेटतो. १८१३ पासून छापील नमुन्यात बाप्तिस्म्याच्या वेळी बापाचा धंदा आणि राहण्याचे ठिकाण, आणि दफनाच्या वेळी वय लिहिणे सक्तीचे झाले. एकाच गावातल्या दोन जॉन स्मिथांना वेगळे करायला हे दोन रकाने कोणत्याही पुस्तकी युक्तीहून जास्त कामाचे. १ जुलै १८३७ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये सरकारी जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी सुरू झाली. १८४१ च्या जनगणनेत घरातल्या माणसांची नावे आली आणि १८५१ च्या जनगणनेत जन्माची पॅरिश. वंशज शोधणारा पुष्कळदा याच १८५१ पासून मागे पॅरिशपर्यंत जातो, आणि मग वही हातात घेऊन पुन्हा पुढे येतो.

माणूस पॅरिश सोडून गेला की वही गप्प होते. अशा वेळी १६६२ च्या वसाहत कायद्याचे कागद मदतीला येतात. गरीब माणसाला पोसण्याची जबाबदारी त्याच्या मूळ पॅरिशची. म्हणून दुसऱ्या पॅरिशने त्याला तिथे परत धाडण्याआधी तो कुठला, कुठे चाकरीला होता, लग्न कुठे झाले, मुले किती, हे सारे लिहून घेतलेले असते. श्रीमंतांना कोणी असे विचारत नसे. चर्च ऑफ इंग्लंडबाहेरच्या पंथांची माणसे पॅरिशच्या वहीत बाप्तिस्म्याला दिसत नाहीत; त्यांच्या १८३७ पूर्वीच्या वह्या सरकारने मागवून घेतल्या आणि त्या आता लंडनमधल्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

काही शाखा समुद्रापार जातात, आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत किंवा पलटणीत शिरलेला मुलगा कित्येकदा मुंबई इलाख्यात निघतो. मुंबईचे सेंट थॉमस चर्च १७१८ मध्ये उघडले. इलाख्यातल्या अँग्लिकन धर्मगुरूंकडच्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदींच्या प्रती लंडनला धाडल्या जात. मद्रास आणि बंगालच्या अशाच प्रतींबरोबर त्या आज ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिस दप्तरात आहेत. पुणे किंवा अहमदनगरच्या छावणीतल्या एखाद्या शिपायाचे लग्न आणि पटकीने गेलेल्या त्याच्या मुलाचे दफन शोधायचे तर सुरुवात याच प्रतींपासून करायला हवी. पण प्रत ती प्रत. मूळ वही त्या त्या चर्चमध्ये टिकली असेल तर ती पाहण्याची परवानगी अवश्य मागावी.

१९७८ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या पॅरिश-वह्या जिल्ह्याच्या अभिलेखागारात जमा होऊ लागल्या, आणि आता त्यांतल्या पुष्कळांची पाने संगणकावर पाहता येतात. केंब्रिजच्या एका अभ्यासगटाने ४०४ पॅरिशच्या नोंदी मोजून इंग्लंडच्या लोकसंख्येचा १५४१ पासूनचा इतिहास उभा केला. रिग्ली आणि स्कोफील्ड यांचे ते पुस्तक १९८१ चे. आकड्यांच्या अभ्यासात एखादी ओळ इकडची तिकडे झाली तर चालून जाते. वंशावळीत चालत नाही. संगणकावरची सूची नाव चटकन दाखवते, आणि तेच तिचे संकट आहे, कारण ती दुसरा जॉन शेक्सपिअर दाखवत नाही. सूचीत नाव दिसले म्हणून ते लगेच वंशवृक्षात चढवू नये. मूळ पानाचे छायाचित्र उघडावे, मागची-पुढची पाने वाचावीत, त्याच नावाचे दुसरे मूल त्या दशकात त्याच पॅरिशमध्ये जन्मले नव्हते ना हे पाहावे, आणि आपले मूल लहानपणीच वारले नव्हते ना याची दफनांच्या नोंदीत खात्री करून मगच रेघ ओढावी.